वारा कुणाच्या बाजूनं आहे?

डिसेंबर-जानेवारीतल्या शनिवारी सकाळी स्कॉटलंडमधल्या कुठल्या ना कुठल्या मैदानावर एक रेफ्री टाचा आपटत फिरत असतो. गोलपोस्टपुढची जागा, कॉर्नरचे कोपरे, आणि मुख्य स्टँडच्या सावलीत दिवसभर ऊन न लागणारी ती पट्टी. बुटाचे खिळे जमिनीत रुततात का, चेंडू टाकला तर उसळतो का पाण्यात बसतो, एवढं बघून तो सांगतो मॅच होणार का नाही. इकडं पन्नास-शंभर मैलांवर आमच्यासारखे लोक चहा घेत फोनकडं डोळे लावून बसलेले असतात. मोजे चढवलेले, थर्मास भरलेला, गाडीची वेळ पाठ. "मॅच होणार" असं क्लबनं जाहीर केलं की सगळ्या घराला पाय फुटतात.

मी मूळची कोल्हापूरची. नोकरीनिमित्त डंडीत राहते, एका प्रयोगशाळेत काम करते आणि इथल्या डंडी युनायटेड या फुटबॉल क्लबच्या मागं गावोगाव हिंडते. माझ्यासोबत असतात समोरच्या दारातल्या आजी. त्या लहानपणापासून युनायटेडच्या. नवरा गेला, मुलं कॅनडात, पण हंगामाचं तिकीट कधी चुकलं नाही. मला "पोरी" या अर्थानं "हेन" म्हणतात. मी त्यांना नावानंच हाक मारते, इथली रीतच तशी आहे, पण मनात त्या आजीच आहेत म्हणून इथंही आजीच लिहिते.

घरच्या मैदानावरची मॅच वेगळी आणि पाहुणे म्हणून गेलेली मॅच वेगळी. घरी आपली जागा ठरलेली, शेजारी ठरलेला, छप्पर डोक्यावर. परगावी गेलं की ते गाव तुम्हाला त्याचं खरं रूप दाखवतं, आणि इथं गावाचं खरं रूप म्हणजे बरंचसं त्याचं हवामान. ग्रीनॉकचा पाऊस, अर्ब्रोथचा वारा, इन्व्हर्नेसचा खाडीवरून येणारा गारठा हे सगळं त्या त्या संघाचं असतं. तिथली पोरं त्यातच खेळून मोठी झालेली असतात. आपण त्यात जाऊन नव्वद मिनिटं उभं राहिल्याशिवाय ती मॅच कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. टीव्हीवर पाऊस दिसतो. वारा दिसत नाही.

वाऱ्याचं सांगायचं तर अर्ब्रोथपासूनच सुरुवात करायला हवी. डंडीहून किनाऱ्यालगत जाणारी गाडी वीसेक मिनिटांत तिथं पोचते. स्टेशनातून बंदराच्या दिशेनं चालायला लागलं की आधी धुराचा वास येतो. हॅडॉक नावाचा मासा जोडीजोडीनं शेपटीला सुतळीनं बांधून लाकडाच्या धुरावर भाजतात, तो अर्ब्रोथ स्मोकी. 2004 पासून त्याला भौगोलिक संरक्षण आहे, आपल्या कोल्हापुरी चपलेला जसं मानांकन आहे तसंच. गरम असतानाच हातात घेऊन काटे काढत खायचा. आजी म्हणतात, स्मोकी खाल्ल्याशिवाय गेफील्डला, म्हणजे अर्ब्रोथच्या मैदानावर, गेलं तर युनायटेड हरतं. मी हा नियम कधी मोडलेला नाही.

गेफील्ड हे मैदान समुद्राच्या इतकं काठावर आहे की युरोपात लाटांच्या इतक्या जवळचं दुसरं नाही असं मानतात. मध्ये एक भिंत, तिच्यापलीकडं उत्तर समुद्र. भरती आणि वादळ एकदमच आलं की पाणी भिंत ओलांडून आत येतं. प्रेक्षकांसाठी बहुतेक बाजूंनी उभं राहायचे पायऱ्यांचे कट्टे आहेत, काही भागावर छप्पर आहे, काहींवर नाही. हवा समुद्राकडून वाहत असेल तर छपराचा काही उपयोग नाही, कारण पाऊस आडवा येतो.

तिथं गोलकीपरची एक किक मी अगदी जवळून पाहिली, गोलच्या मागंच उभी होते म्हणून. चेंडू ठेवला की तो घरंगळायचा. कीपरनं गवतात दाबून बघितला, परत घरंगळला. तिसऱ्यांदा त्यानं टाचेनं गवत थोडं उकरलं, त्यात चेंडू बसवला, चार पावलं मागं आला आणि मारला. चेंडू वर गेला, अर्ध्या रेषेच्या अलीकडं हवेत थबकला आणि चक्क परत फिरला. आमच्याच पेनल्टी बॉक्सच्या टोकाला येऊन पडला. पुढच्या वेळी त्यानं उंच मारायचा नादच सोडला आणि बाजूच्या बचावपटूला जमिनीवरून पास दिला. आजींनी मान हलवली. "आता शिकला," म्हणाल्या. फुटबॉलच्या नियमांत यासाठीसुद्धा तरतूद आहे: गोलकिक थेट स्वतःच्याच गोलमध्ये गेली तर गोल धरत नाहीत, समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. कोल्हापुरात हा नियम कशाला असेल याचा मला कधी विचारही पडला नव्हता. गेफील्डला उभं राहिल्यावर पडला.

म्हणूनच तिथं नाणेफेकीला सगळे श्वास रोखून बघतात. 2019 पासून नाणेफेक जिंकणाऱ्या कप्तानाला बाजू किंवा पहिली किक यातलं काहीही निवडता येतं. गेफील्डला किक कोण निवडणार? पहिल्या अर्ध्यात वारा पाठीशी घ्यावा का दुसऱ्या, यावर आमच्या डब्यात अर्ब्रोथ येईपर्यंत वाद चालतो. आजींचं म्हणणं, आधी घ्यावा, कारण दुसऱ्या अर्ध्यात वारा पडू शकतो आणि मग आपण दोन्हीकडून नागवले जातो. मला दुसऱ्या अर्ध्यात हवा असतो, पाय थकलेले असताना. एक मात्र दोघींना मान्य आहे की वाऱ्यासोबत खेळणं दिसतं तितकं सोपं नाही. पुढं टाकलेला प्रत्येक चेंडू स्ट्रायकरच्या हातचा निसटून रेषेबाहेर जातो. वाऱ्याविरुद्ध खेळणारा संघ नाइलाजानं जमिनीवरून, छोट्या पासांनी खेळतो आणि कित्येकदा तोच चांगला खेळ करतो.

अर्ब्रोथच्या लोकांना हे सगळं रक्तात आहे. 2021-22 च्या हंगामात त्यांचा संघ, ज्यातली पोरं आठवडाभर दुसरी नोकरी करून खेळायची, दुसऱ्या पातळीच्या चॅम्पियनशिपमध्ये दुसरा आला. सगळ्यात वरच्या प्रीमियरशिपमध्ये जायची संधी प्लेऑफमध्ये इन्व्हर्नेसविरुद्ध पेनल्टीवर हुकली. गावात अजून त्याबद्दल हळहळ आहे. आणि याच क्लबनं 12 सप्टेंबर 1885 ला बॉन अकॉर्ड नावाच्या अबर्डीनच्या संघाला स्कॉटिश कपमध्ये 36-0 हरवलं होतं. ब्रिटनमधला तो विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. जॉन पेट्री नावाच्या पोरानं एकट्यानं 13 गोल केले. गंमत म्हणजे त्याच दिवशी आमच्या डंडीत डंडी हार्पनं अबर्डीन रोव्हर्सला 35-0 हरवलं, आणि एका गोलानं इतिहासातली जागा गेली.

मोठा क्लब पाहुणा आला तर दोन्हीकडच्या लोकांना वेगळं बसवतात. पण खालच्या लीगमध्ये, पाहुणे थोडेच असले की, कुंपण वगैरे काही नसतं. मग हाफटाइमला एक सुंदर गोष्ट होते. आपला संघ आता दुसऱ्या गोलकडं हल्ला करणार, म्हणून आपले लोक मैदानाला वळसा घालून तिकडं जायला निघतात आणि समोरून दुसऱ्या संघाचे लोक इकडं यायला निघतात. वाटेत पाईच्या खिडकीपाशी सगळे भेटतात. "तुमचा नऊ नंबर बरा आहे की." "तुमचा कीपर झोपला होता वाटतं." एवढं बोलून आपापल्या टोकाला. युनायटेडची मॅच नसेल त्या शनिवारी आम्ही दोघी अशाच कुठल्यातरी गावाला जातो, फॉरफर, मॉन्ट्रोज, ब्रेकिन. ब्रेकिनच्या ग्लीब पार्कला तर मैदानाच्या एका बाजूला भिंतीच्या जागी मेंदीच्या कुंपणासारखं दाट झुडपांचं कुंपण आहे, व्यवस्थित छाटलेलं. चेंडू त्यात अडकतो. आजी त्या कुंपणाजवळच उभ्या राहतात, वारा अडतो म्हणून.

ब्रेकिनचं नाव आलं म्हणून एक सांगते. ऑक्टोबर 2023 मध्ये बाबेट वादळात साउथ एस्क नदीचं पाणी त्या गावात शिरलं, लोकांना घरं सोडावी लागली. हवामान खात्यानं या भागाला लाल इशारा दिला होता. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या नातेवाइकांच्या घरात आलं, तेव्हा मी इथं फोन हातात घेऊन रात्र काढली होती, म्हणून ब्रेकिनच्या बातम्या बघताना पोटात कालवलं. वारा-पावसाचं कौतुक मी करते ते मॅचच्या वारा-पावसाचं. लाल इशारा असताना घरातच बसायचं, मॅच कितीही मोठी असो. आजींचंही हेच म्हणणं आहे, आणि त्या घाबरणाऱ्यांतल्या नाहीत.

आता पाऊस. लोकांना वाटतं स्कॉटलंड म्हणजे सगळीकडं सारखाच पाऊस. डंडी पूर्व किनाऱ्यावर, डोंगरांच्या आडोशाला, म्हणून इथं वर्षाला साधारण 700 मिलीमीटर पडतो. कोल्हापूर शहरात याहून जास्त पडतो! फरक असा की आपला चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि इथला बारा महिने पुरवून पुरवून येतो. पश्चिम किनाऱ्याची गोष्ट मात्र निराळी. अटलांटिकवरून आलेले ढग तिथंच पहिल्यांदा डोंगराला धडकतात. ग्रीनॉक हे त्या धडकेचं गाव. ग्लासगो सेंट्रलहून क्लाइड नदीच्या काठानं जाणारी गाडी धरायची, कार्ट्सडाइक स्टेशनवर उतरायचं, की कॅपिलो मैदान समोरच. 1874 साली स्थापन झालेल्या मॉर्टन क्लबचं ते घर. स्टँडच्या पलीकडं जेम्स वॉट डॉकवरची जुनी अजस्र क्रेन दिसते, जहाजं बांधायच्या काळातली. वाफेच्या इंजिनवाला जेम्स वॉट याच गावचा.

कॅपिलोचा पाऊस मोठा नसतो. आपल्याकडं गगनबावड्याला जून अखेरीला जसं बुरंगाट लागतं तसा. थेंब असा दिसत नाही, पण वीस मिनिटांत भुवयांवरून पाणी ओघळायला लागतं. एका टोकाला छप्पर नसलेली लांब बाकं आहेत, त्या भागाचं नाव वी डब्लिन एंड. मैदानाच्या लांबीला काउशेड नावाचा छपराखालचा उभा राहायचा कट्टा. त्या पत्र्यावर पावसाचा आवाज आणि त्याखाली हजार माणसांचं गाणं. मैदान जड झालं की खेळाची तऱ्हा बदलते. चेंडू घसरत येतो आणि साचलेल्या पाण्यात अचानक थांबतो. बचावपटूचा अंदाज चुकतो. सरकत टॅकल करणारा तीन-चार मीटर पुढं जातो. अशा दिवशी चांगला मिडफिल्डर ओळखू येतो: तो पास जरा जास्तच जोरात देतो, पायात देतो, पुढं जागेत टाकत नाही. आजी कोचपेक्षा आधी सांगतात कोणाला बदलायला हवं. बहुतेक वेळा बरोबर निघतं.

छत्री कुणी उघडत नाही. मागच्याचं दिसणं बंद होतं, आणि वाऱ्यात ती टिकतही नाही. टोपीचं जॅकेट, आतून थर्मल, मध्ये लोकर. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण थंडी खरी चढते ती तळपायातून, सिमेंटच्या पायरीवरून. आजी घरून जाड पुठ्ठा आणतात, खोक्याचा, दोन तुकडे पावलाच्या मापाचे कापलेले. पायरीवर टाकायचा आणि त्यावर उभं राहायचं. सिमेंट आणि बूट यांच्यामध्ये एवढा एक थर आला की दुसऱ्या अर्ध्यात बोटं जिवंत राहतात. त्यांचे वडील हेच करायचे म्हणे, तेव्हा वर्तमानपत्राची घडी असायची. पावसात पुठ्ठा भिजून लगदा होतो, म्हणून पिशवीत दुसरी जोडी ठेवलेली असते.

आणि पाई. डंडीची माणसं तिला "पेह" म्हणतात. स्कॉच पाई म्हणजे तळहाताएवढी गोल, कडक कवचाची, आत मिरपूड घातलेला खिमा. झाकण कडेपेक्षा खाली बसवलेलं असतं, त्यामुळं वर वाटीसारखी जागा राहते, तिच्यात सॉस किंवा ग्रेव्ही घालतात. खरी स्कॉच पाई मटणाची, पण आता बऱ्याच ठिकाणी बीफची मिळते, म्हणून खिडकीवर विचारून घ्यावं. मी बीफ खात नाही, मग मॅकरोनी पाई घेते. तसल्याच कवचात चीजमधली मॅकरोनी, वरून खरपूस. आपल्या शाकाहारी मंडळींनी याची नोंद घ्या, स्कॉटलंडच्या मैदानांवर तुम्ही उपाशी राहणार नाही. पाई हातात आली की आधी ती धरून ठेवायची, बोटांत धग आल्यावर मग खायची. आजी सोबत बोव्हरील घेतात. बीफचा दाट काळा अर्क गरम पाण्यात ढवळलेला, वरून पांढरी मिरपूड. एकोणिसाव्या शतकात जॉन लॉसन जॉन्स्टन या स्कॉटिश माणसानं तो काढला. मी पीत नाही, पण वास आला की मला रविवारचं अळणी पाणी आठवतं, तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या आधी आई वाटीत काढून द्यायची ते. थंडीत अंगात ऊब उतरवायची युक्ती दोन्हीकडं एकच.

दारू मात्र मिळत नाही, आणि मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. 1980 च्या मे महिन्यात हॅम्पडन पार्कवर सेल्टिक आणि रेंजर्स यांच्या कप फायनलनंतर दोन्हीकडचे लोक मैदानात उतरून हाणामारी झाली. त्याच वर्षी कायदा आला आणि फुटबॉल मैदानांतल्या सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी दारू बंद झाली. चाहत्यांच्या बसमध्येही न्यायची नाही. हा नियम सैल करावा अशी मागणी अधूनमधून होते. माझा विरोध आहे. चाहत्यांच्या बसमध्ये मी आणि आजी निर्धास्त बसतो, बापाच्या मांडीवर सहा वर्षांची पोरगी असते, कुणी थर्मास पुढं करतं, कुणी टॅब्लेट नावाची साखर-दुधाची वडी वाटतं. कोल्हापुरात मी शाहू स्टेडियमला बाबांचा हात धरून जायचे. दहा-बारा वर्षांची झाल्यावर ते जाणं बंद झालं, कुणी तसं स्पष्ट न बोलताच. पाटाकडील आणि दिलबहार या आमच्या गावातल्या संघांची मॅच असली की गर्दीचा आवाज लांबवर यायचा आणि मी घरातून त्यावरून गोल ओळखायचे. इथं मला कुणी विचारलं नाही की तू बाई असून, ब्राऊन असून इकडं कशी. विचारलं ते एवढंच की कुणाची.

उत्तरेकडचा प्रवास हा वेगळाच सोहळा आहे. डंडीहून पर्थ, तिथून इन्व्हर्नेसची गाडी. ड्रमॉख्टरच्या खिंडीत ती 452 मीटर उंचीवर चढते, ब्रिटनच्या मुख्य रेल्वेमार्गांवरची ती सगळ्यात उंच जागा. हिवाळ्यात दोन्ही बाजूंनी पांढरं आणि उतारावर हरणांचे कळप. बसनं गेलं तर ए-नाइन रस्त्यावर तिथंच हिमवृष्टीत बंद करायची फाटकं आहेत. ती लागली तर मॅच गेली. इन्व्हर्नेसचं मैदान खाडीच्या काठावर, केसॉक पुलाला लागून. तिथला वारा अर्ब्रोथसारखा रांगडा नाही, बारीक आणि धारदार आहे, मफलरच्या फटीतून शिरतो. आणखी पुढं गेलं तर डिंगवॉल. साडेपाच हजार वस्तीचं गाव, पण रॉस काउंटी हा त्यांचा क्लब वर्षानुवर्षं देशाच्या सगळ्यात वरच्या पातळीवर खेळला आहे. डिसेंबरात तीनला मॅच सुरू होते आणि साडेतीनच्या सुमाराला सूर्य मावळलेला असतो. पहिल्या अर्ध्यातच अंधारून यायला लागतं, प्रकाशझोतांत हिमाचे कण तिरपे जाताना दिसतात, आणि गोल झाला की सगळ्यांच्या तोंडातून एकदम वाफ निघते.

बर्फानं गोठलेल्या मैदानाची गोष्ट आजी नेहमी सांगतात ती 1979 ची. इन्व्हर्नेस थिसल आणि फॉल्कर्क यांची स्कॉटिश कपची मॅच जानेवारीत व्हायची होती. ती 29 वेळा पुढं ढकलली गेली. फेब्रुवारीच्या अखेरीला झाली, आणि फॉल्कर्कनं 4-0 जिंकली. त्या सात आठवड्यांत किती लोकांनी थर्मास भरून परत रिकामा केला असेल! त्याआधी 1963 च्या भयंकर हिवाळ्यात एअरड्री आणि स्ट्रॅनरारची मॅच 33 वेळा पुढं गेली होती. आता मोठ्या मैदानांखाली गरम पाण्याचे पाइप आहेत, छोटे क्लब रात्री मैदानावर कापड अंथरतात, आणि हिम जास्त पडलं तर सकाळी गावाला हाक देतात: फावडी घेऊन या. लोक येतात. पाहुण्यांची पहिली गाडी लवकर पोचली तर पाहुणेही फावडं धरतात.

काही क्लबांनी कृत्रिम गवत टाकून हा प्रश्नच मिटवला. पण 2026-27 पासून प्रीमियरशिपमध्ये कृत्रिम मैदान चालणार नाही असं क्लबांनी मतदानानं ठरवलंय. आजी खूश आहेत. चेंडू प्लॅस्टिकवर खोटा उसळतो, गुडघे जातात, असं त्यांचं म्हणणं, आणि खेळाडूही तेच सांगतात. वरच्या लीगपुरतं मलाही पटतं. पण खालच्या क्लबांना तेच मैदान आठवडाभर गावातल्या पोरापोरींना देता येतं, रात्री भाड्यानं लावता येतं, आणि ऐन जानेवारीत मॅच रद्द होऊन गेटचे पैसे बुडत नाहीत. तिथं कृत्रिम गवत राहू द्यावं. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

सगळ्यात जवळचा परगाव म्हणजे डेन्स पार्क, डंडी एफसीचं मैदान. आमचं टॅनाडाइस, म्हणजे युनायटेडचं घरचं मैदान, आणि डेन्स एकाच रस्त्यावर, चालत दोन-तीन मिनिटांवर. त्या दिवशी आपल्याच मैदानाच्या दारावरून पुढं जायचं आणि समोरच्यांच्या स्टँडमध्ये पाहुणे म्हणून बसायचं. पेठा-पेठांच्या ईर्ष्येत वाढलेल्या माझ्यासारखीला हे समजावून सांगावं लागलं नाही. 14 मे 1983 ला युनायटेडनं आपलं आजवरचं एकमेव लीग विजेतेपद जिंकलं ते याच डेन्स पार्कवर, डंडीला 2-1 हरवून. तीनच दिवस आधी अबर्डीननं गोथेनबर्गच्या धो-धो पावसात रेआल माद्रिदला 2-1 हरवून युरोपियन कप विनर्स कप आणला होता. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यासाठी तो आठवडा! आजी डेन्सला होत्या, पाहुण्यांत, थोरल्या मुलाला खांद्यावर घेऊन. शेवटच्या शिटीनंतर कोण कुणाच्या गळ्यात पडलं ते आठवत नाही, पण एका अनोळखी माणसाची नारिंगी टोपी घरी आली, ती अजून त्यांच्या कपाटात आहे. मला एकदा काढून दाखवली.

बाबा दर शनिवारी रात्री कोल्हापुरातून फोन करतात. स्कोअर त्यांना आधीच माहीत असतो, मोबाइलवर बघितलेला. त्यांना दुसरंच हवं असतं. मैदान कसं होतं, कीपर बाहेर येत होता का, वारा कुणाच्या बाजूनं होता. ते स्वतः पेठेच्या संघात फुलबॅक होते, कडक उन्हात, जवळजवळ गवत नसलेल्या मैदानावर. चिखलातली सरकती टॅकल त्यांना शब्दांत सांगायला मला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास मला फार आवडतो.

एडिंबरा, ग्लासगोला शिकायला-नोकरीला आलेली आपली बरीच मुलं मोठ्या मैदानांची मार्गदर्शित सहल करतात, फोटो काढतात आणि फुटबॉल पाहिला म्हणतात. ते करा, पण एक शनिवार छोट्या गावाला द्या. चॅम्पियनशिपचं तिकीट वीस-पंचवीस पौंडांत येतं, त्याखालच्या लीगमध्ये आणखी स्वस्त. दीड-दोन वाजेपर्यंत पोचा, गाव बघा, पाई संपायच्या आत घ्या. येत्या फेब्रुवारीत युनायटेडच्या एका मोकळ्या शनिवारी आम्ही पीटरहेडला जायचं ठरवतोय, उत्तर समुद्रात घुसलेलं मासेमारीचं गाव, मैदानाचं नाव बाल्मूर. तिथं रेल्वे नाही, अबर्डीनहून बस घ्यावी लागते. कुणाला यायचं असेल तर कळवा. लोकरी मोजे तुमचे तुम्ही आणा, पुठ्ठे आम्ही कापून ठेवतो.